भाग २३ : ट्रॉलीतून चाललेला किल्ला

(हा भाग जसा बोललो तसाच लिहून काढला आहे. मधे दोन वेळा ट्रॅक्टर जातो, तेवढा आवाज सोडून.)

आज एका किल्ल्याबद्दल बोलायचं आहे. त्याला नाव नाही, त्याच्यावर पाटी नाही. आणि हा भाग मी रेकॉर्ड करतोय त्या आठवड्यातसुद्धा त्याचा थोडा तुकडा ट्रॉलीत भरून शेतात गेला आहे.

सुरुवात फ्रान्सपासून करतो. का ते कळेल पुढे.

मागच्या पावसाळ्यात लाइट गेली होती, मोबाइलला चार्जिंग होतं, आणि मी यूट्यूबवर एक व्हिडिओ लावून बसलो. फ्रान्समधे बर्गंडी भागात गेदलाँ नावाची जागा आहे. जंगलात, जुन्या दगडाच्या खाणीत. तिथे १९९७ पासून लोक एक किल्ला बांधताहेत. नवा किल्ला! पण बांधायची रीत तेराव्या शतकातली. क्रेन नाही, सिमेंट नाही, दगड हातानं घडवायचा, घोडागाडीनं आणायचा, लाकूड त्याच जंगलातलं. आणि हे सगळं कशासाठी, तर जुने किल्ले नेमके बांधले कसे हे पुस्तकातून पुरतं कळत नव्हतं म्हणून. करून बघितल्याशिवाय कळणार नाही असं त्यांनी ठरवलं. आज वर्षाला तीनेक लाख माणसं तिकीट काढून ते बघायला जातात आणि त्या पैशावर काम चालतं.

व्हिडिओ संपला. दार उघडून बाहेर आलो. आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आमच्या गावची गढी आहे. पावसानं तिच्या बुरुजाची एक बाजू त्याच रात्री खाली आली होती. कोणी बघायलाही गेलं नव्हतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरपासून फटफटीनं वीस मिनिटांवर. अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यानं गेला असाल तर नांदगाव लागलंच असेल. ज्याच्यावरून नाव पडलं ते खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ तिथे उभं आहे, काळ्या दगडाचं, यादवांच्या काळातलं. दगड आहे म्हणून टिकलं. आमची गढी मातीची.

आता वऱ्हाडातल्या पोरांना गढी म्हणजे काय हे सांगायला नको. पण पुण्या-मुंबईकडचे श्रोतेही आहेत, म्हणून सांगतो. गढी म्हणजे गावातल्या देशमुखाचा किंवा पाटलाचा तटबंदीचा वाडा. डोंगरावर नाही, गावाच्या मधोमध किंवा कडेला, पण गावातल्या सगळ्यात उंच जागी. चार कोपऱ्यांना चार बुरुज, एकच मोठा दरवाजा. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात अशा किती गढ्या होत्या विचारू नका. लहानपणी बसमधून जाताना लांबून पांढुरका उंचवटा दिसला की आबाजी म्हणायचे, ‘थे पाह्य गढी, गाव आलं.’

हा उंचवटा लक्षात ठेवा. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग धरतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, कापसाची जमीन. पांढरी म्हणजे वस्ती, गावठाण. वस्तीची माती पांढरी का होते? तर शेकडो वर्षं माणसं तिथे राहतात, चुलीची राख पडते, शेण पडतं, जुनी घरं पडतात, त्यांच्यावर नवी उठतात. थरावर थर. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूरला उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळापर्यंतची वस्ती सापडली ती अशाच पांढरीखाली. म्हणजे गढी ज्या टेकाडावर उभी असते ते टेकाड पुष्कळदा निसर्गाचं नसतंच, गावानं जगून-मरून तयार केलेलं असतं.

आणि इथे मला फ्रान्सची दुसरी गोष्ट सापडली. आपल्या डोळ्यांपुढे ‘शातो’ म्हटलं की दगडी मनोरे येतात. पण तिथले खेड्यातले पहिले किल्ले, दहाव्या-अकराव्या शतकातले, बहुतेक मातीचे होते. माणसांनी माती ओढून केलेलं टेकाड, वर लाकडी बुरूज, भोवती कुंपण. त्याला ते ‘मोत’ म्हणतात. बायो गावच्या त्या प्रसिद्ध भरतकामात, अकराव्या शतकातल्या, अशी टेकाडं कापडावर काढलेली आहेत. दगड नंतर आला. आणि लिऑनच्या आसपासच्या खेड्यांत तर आजही कुटलेल्या मातीच्या भिंतींची जुनी घरं उभी आहेत, लोक त्यात राहतात. म्हणजे माती ही गरिबाची, मागासाची वस्तू हे आपण कुठून शिकलो देव जाणे.

बरं, आमची गढी. मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही दोघं तीन रविवार तिथे मोजपट्टी घेऊन गेलो. गावातल्या पोट्ट्यांना वाटलं प्लॉट पाडतो आहे. चार जणांनी भाव विचारला.

पायथ्याला कमरेइतका काळ्या दगडाचा पाया. त्याच्यावर सगळी माती. भिंत जिथे फाटली आहे तिथे आत वाकून बघता येतं: जाडी दोन मीटरपेक्षा थोडी जास्त. खाली रुंद, वर निमुळती. जवळून बघितलं तर थर दिसतात. म्हणजे एकदम उभी केलेली नाही. मातीचे भेंडे, हातभर ओले गोळे, एकावर एक रचायचे, एक थर वाळू द्यायचा, मग दुसरा. माती नुसती नाही; तिच्यात कुटार आहे, शेण आहे. दोनशे वर्षांपूर्वीची गव्हाची काडी त्या भिंतीतून मी नखानं काढली. पिवळीच होती अजून. हे बघून मी खरंच गप्प बसलो, आणि मी गप्प बसत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

दरवाजा सागवानाचा. त्याची एक फळी शिल्लक आहे, दुसरी कुठे गेली विचारल्यावर तीन जणांनी तीन घरांची नावं सांगितली. मोठ्या दरवाज्यात एक छोटं दार, दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून, वाकून. आतून दरवाजाला आडवा अडसर, तो भिंतीतल्या भोकात सरकायचा. ते भोक अजून आहे, त्यात पारव्यांनी घर केलंय. आत शिरल्याबरोबर दोन बाजूंना देवड्या, पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. आणि मग सरळ चौक नाही, भिंत येते, डावीकडे वळावं लागतं. दरवाजा फोडून कोणी घोड्यावर आत घुसलाच तर तिथे त्याचा वेग मोडतो. रायगडावर जी अक्कल वापरली तीच इथे, फक्त लहान मापात.

बुरुजात जंग्या आहेत, बंदुकीसाठीची तिरपी भोकं, बाहेर खाली बघणारी. चौकात आड, म्हणजे विहीर, आता बुजलेली. आणि पेव. पेव म्हणजे जमिनीतली धान्याची कोठी, तोंड लहान, पोट मोठं. गढीचं खरं काळीज ते. राजे-महाराजांच्या गोष्टी सोडा, गढी बांधली ती मुख्यतः ज्वारी सांभाळायला.

कोणापासून? इथे थोडा इतिहास लागतो, झोपू नका.

वऱ्हाडाला अठराव्या शतकात दोन मालक होते. १७२४ मधे बुलडाण्याकडच्या साखरखेर्ड्याला लढाई झाली, निजाम जिंकला आणि दख्खनेत स्वतंत्र झाला. दुसरीकडे नागपूरकर भोसले. महसूल दोघांचा. याला लोक दोअमली म्हणत. एकाची माणसं वसूल घेऊन गेली की दुसऱ्याची यायची. मधे वसूल गोळा करणारा देशमुख. त्याला तो सांभाळायचा, लपवायचा, कधी द्यायचा, कधी ‘नाही’ म्हणायची ताकद ठेवायची. मग पेंढारी. १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला, तोपर्यंत घोड्यावरून झपाट्यानं यायचे, लुटायचे आणि निघून जायचे. त्यांच्याकडे वेढा घालून बसायला वेळ नसायचा, तोफा नसायच्या. अशा माणसाला दोन दिवस बाहेर ठेवायचं तर दोन मीटर माती पुष्कळ झाली. गावातले लोक गुरंढोरं घेऊन गढीत शिरायचे, दरवाजा लागायचा.

आणि तोफा असत्या तर? इथे मला एक मजा सापडली. १५ डिसेंबर १८०३ ला आपला गाविलगड पडला, चिखलदऱ्याचा. दगडी, बहमनी काळातला, दुर्गम. घेणारा आर्थर वेलस्ली, हाच पुढे १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. तोफा सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत तटाला खिंडार पडलं. त्यानंतर वर्षभरानं, १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दुसरा इंग्रज सेनापती लेक भरतपूरला गेला. तिथला लोहागड मातीच्या जाड तटाचा. चार वेळा हल्ला केला, हजारो माणसं मेली-जखमी झाली, किल्ला मिळाला नाही. दगडावर गोळा आदळला की दगड तडकतो. मातीत गोळा रुततो, बसतो. भरतपूरला खंदक होता, लढणारे जिद्दी होते, हेही खरं. सगळं श्रेय मातीला देत नाही. पण ‘मातीचा आहे म्हणून कच्चा’ असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

मातीचा खरा शत्रू तोफ नाही, पाणी आहे. त्यावरच येतो, पण आधी बाळापूर.

अकोला जिल्ह्यात बाळापूर आहे, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे. तिथला किल्ला बघितला नसेल तर एक दिवस काढा. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं सुरू केला आणि अचलपूरच्या नवाब इस्माईलखानानं १७५७ ला पुरा केला. भव्य, उंच तट, एकात एक दरवाजे, पावसाळ्यात तीन बाजूंना पाणी. आणि सगळं विटांचं! मी तिथे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की हे आमच्या गढीचंच मोठं भावंडं आहे. सपाट मुलूख, डोंगर नाही. मग नदीकाठचं टेकाड घ्यायचं. माती पायाखाली आहे. नवाबाकडे भट्ट्या होत्या, त्यानं ती भाजली आणि वीट केली. आमच्या देशमुखाकडे ऊन होतं, त्यानं वाळवली. तशीच गोष्ट सिंदखेडराजाची. लखुजी जाधवांचा वाडा, जिथे १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला. मोठं नाव जोडलेलं आहे म्हणून तिथे माणसं जातात, सरकारनं जपणूक केली. आमच्या गढीत कोणी मोठं जन्मलं नाही. जन्मले ते साधेच, त्यातल्या एकाचा नातू आता अमरावतीत मोबाइलचं दुकान चालवतो.

१८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे रयतवारी आली, मोजणी झाली, शेतकरी सारा सरळ सरकारात भरू लागला. देशमुखाचं वसुलीचं काम गेलं. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, कापूस जिनात जाऊ लागला. पेवाची, जंग्यांची गरज संपली. गढी पडायला तिथूनच सुरुवात झाली असं माझं मत. भिंत नंतर पडली, काम आधी पडलं.

आता पाणी. गावात एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना विचारलं, गढी इतकी वर्षं टिकली कशी? त्या हसल्या. म्हणाल्या, ‘टिकली नाही रे, टिकोली. दरसाली उन्हायात वर माती चढे. गारा तुडवाले आमीच, लेकरं. मिरगाच्या आदी झालं पाह्यजे. पैसा कायचा, पायलीभर जवारी.’

हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. मातीच्या भिंतीला दरवर्षी वरून नवं कवच द्यावं लागतं. एक वर्ष चुकलं तर वरून पाणी मुरतं, दोन वर्षं चुकलं तर भेग, मग भेगेत पिंपळ. खाली पायथ्याला पाणी उडून भिंत पोखरली जाते. बारा-चौदा वर्षांपूर्वी गावातल्या काही चांगल्या माणसांनी वर्गणी काढून दरवाजाच्या दोन बाजूंना सिमेंटचा गिलावा केला, वर रंग. हेतू चांगलाच होता. पण माती श्वास घेते, सिमेंट घेत नाही. ओल आत अडकली. दोन पावसाळ्यांत गिलावा निघाला आणि निघताना हातभर माती सोबत घेऊन आला. गढीचं इतकं नुकसान पेंढाऱ्यांनी केलं नसेल.

आणि आता ते, जे सांगायला मी पाच भाग टाळलं.

गढीची माती शेतात टाकतात. राख, शेण, शेकडो वर्षांचा कुजलेला काडीकचरा, पीक जोरदार येतं. आमच्या भागात सगळे टाकतात. पूर्वी बंडीनं, आता ट्रॅक्टरनं. आणि आमच्या गढीचा उत्तरेचा बुरूज, जो आज नाहीच, तो आमच्या घरानं नेला. माझ्या आबाजींनी. आमच्या नाल्याकाठच्या चार एकरांत. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांना त्यात लपवायसारखं काही वाटलं नाही. ‘अरे, गढीची माती म्हंजे खतच व्हय. दोन बंड्या टाकल्या का पराटी डोक्याइतकी होये. त्याच पराटीवर तुह्या बापाचं शिक्षण झालं.’

आता बोला. मी त्या शिक्षणाचा नातू. माझा माइक त्या बुरुजाच्या पैशाचा आहे म्हणा.

मी हे सगळं माझ्या एका मित्राला सांगत होतो, फार तळमळीनं, वारसा वगैरे शब्द वापरून. तो शांत ऐकत होता. मग म्हणाला, ‘पडू दे ना बे मंग. माह्या आज्यानं त्या दरवाजातून कधी ताठ मानेनं पाय नाही ठेवला. आमच्या वस्तीतल्या माणसायनंच तुडवली ते माती, वेठीनं. आता शेतात चालली तर चांगलंच हाय, कोणाच्या तरी कामी आली.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. मी फक्त एवढं म्हणालो की तुझ्या आज्याच्या पायाचा ठसा त्या भिंतीत असेल, आणि ती भिंत गेली तर देशमुखाचं नाव कागदावर राहील, तुझ्या आज्याचं कुठेच राहणार नाही. तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी मोजपट्टीचं दुसरं टोक त्यानं धरलं होतं. आणि त्यानंच भिंतीच्या आतल्या थरात बोटांचे ठसे शोधले. चार बोटं, लहान. बाईची असावीत किंवा लेकराची. त्याचा फोटो या भागाला लावला आहे, बाजूला दहाची नोट ठेवून, म्हणजे माप कळेल.

हो, फोटो काढणार असाल तर हे कराच: बाजूला नोट, पेन, माणूस, काहीतरी ठेवा. नुसत्या भिंतीचा फोटो सुंदर येतो, पण त्यातून नंतर काहीही मोजता येत नाही. आणि भिंत जिथे तुटली आहे तिथला फोटो काढा, सगळे फक्त दरवाजाचा काढतात. बुरुजावर चढू नका, वरून घट्ट दिसतो आणि आत पोकळ असतो. माझा चुलतभाऊ मांडीपर्यंत आत गेला होता.

ट्रॉली थांबवायची का? मला विचाराल तर, मी कोणाला थांबवायला गेलो नाही. जागा खाजगी आहे, वारस अकरा, त्यातले सात बाहेरगावी. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली. त्या नकाशावर गढी म्हणजे एक कोरा चौकोन. आत काय होतं ते ड्रोनला दिसत नाही. म्हणून आम्ही आमचा नकाशा काढला, वहीच्या पानावर: एक बाजू एकेचाळीस मीटर, दुसरी अडतीस, शिल्लक बुरूज दोन, पेवाची तोंडं तीन. त्यावर आजींनी सांगितलेली नावं लिहिली, कुठे गारा तुडवायचे, पाणी कुठून आणायचे, ज्वारी कुठे मोजून मिळायची. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली. ती त्यांनी घेतली आणि सहीसुद्धा दिली, हे सांगितलं पाहिजे.

उत्तरेच्या बुरुजाची जागा मात्र नकाशात रिकामी आहे. मागच्या आठवड्यात नाल्याकाठच्या शेतात वखर चालू होतं. मागे मागे चालत मी खापराचे तुकडे गोळा केले, एक निळ्या बांगडीचा तुकडा, एक जळकं लाकूड, आणि मातीचा एक ढेकूळ ज्यात अजून काडी दिसते. पिशवी भरली. आबाजी धुऱ्यावर बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, ‘आन पाह्य बरं, त्या पलीकडच्या पाटात जास्त टाकली होती.’

तर पुढचा रविवार पलीकडच्या पाटात. तुमच्या गावच्या गढीचं काय झालं ते व्हॉइस नोट करून पाठवा, वऱ्हाडीतच बोला, मी कापत नाही. पुढच्या भागात बारव.